शुश्रूषेतली विद्या

तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेश आणि सुरत जोडले, त्याला सुमारे सव्वाशे वर्षं झाली. त्याच रुळांवरून धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं सुरतेत आली, मागांवर राबली, कापड मार्केटात हमाली-हिशेब करू लागली आणि लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत स्थिरावली. या घरांतली एखादी मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा अख्ख्या घराची उमेद तिच्यामागे असते. जीएनएमची तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं पुरी होतात, गुजरात नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते, नावापुढे आरएन, आरएम ही अक्षरं लागतात, नोकरी मिळते. घरचे म्हणतात, शिकणं संपलं, आता सेवा करायची. हे वाक्य मायेने उच्चारलेलं असतं, आणि खेड्यातून शहरात येऊन पोट भरणाऱ्या माणसांना ते म्हणण्याचा पुरता हक्कही आहे. तरीही ते चूक आहे असं मला वाटतं. त्यातली चूक शैक्षणिक धोरणाची नाही, ती धर्मविचारातली आहे. सेवा म्हणजे काय याविषयीची आपली एक फार जुनी आणि फार खोल समजूत त्या वाक्यात बसलेली आहे, आणि नोंदणीकृत परिचारिकेने पुढे शिकावं का, वर चढावं का, या प्रश्नाचं उत्तर त्या समजुतीपाशी गेल्याशिवाय मिळत नाही.

समजूत अशी आहे की सेवा हृदयातून येते आणि विद्या डोक्यात राहते; जिला माया आहे तिला पदवी लागत नाही, आणि जी पदवीमागे धावते तिची माया आटत चालली आहे. दवाखान्यांच्या भिंतींवर सेवेची थोरवी सांगणारी संस्कृत वचनं रंगवलेली दिसतात, त्यांत सेवाधर्म परम गहन असल्याचं भर्तृहरीचं वचन बरंच लोकप्रिय आहे. मूळ श्लोक रुग्णसेवेविषयी मुळीच नाही. तो धन्याच्या चाकरीविषयी आहे. चाकर गप्प राहिला तर मुका ठरतो, बोलला तर वाचाळ. जवळ उभा राहिला तर उद्धट, लांब राहिला तर अडाणी. सोसलं तर भित्रा, न सोसलं तर कुळहीन. अशी ही चाकरी योग्यांनाही न साधणारी, असं भर्तृहरी म्हणतो. वॉर्डमध्ये दोन-चार वर्षं काढलेल्या कोणाही सिस्टरला हा श्लोक भिंतीवरच्या अर्थापेक्षा त्याच्या खऱ्या अर्थाने जास्त ओळखीचा वाटेल. आपल्या भाषेत सेवापुस्तिका, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती हे नोकरीचे शब्द आहेत आणि ईश्वरसेवा, जनसेवा, रुग्णसेवा हे भक्तीचे. दोन्हींत शब्द एकच. त्यामुळे नर्सने पगार मागितला की तिला भक्तीची आठवण करून देता येते, आणि तिने आपलं मत मांडलं की चाकरीची.

परिचर्येसाठी आपल्याकडे दुसराही एक शब्द आहे, शुश्रूषा. संस्कृतात त्याची फोड सरळ आहे: श्रु म्हणजे ऐकणं, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. शिष्य गुरूपाशी राहतो, त्याची कामं करतो, कारण त्याला ऐकायचं असतं. ऐकण्यासाठी जवळ राहणं आणि जवळ राहून सेवा करणं यांत फरकच उरत नाही, म्हणून तोच शब्द सेवेलाही लागला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात एक उपमा आहे. कुदळीने खणत राहणाऱ्याला जसं पाणी लागतं, तशी गुरूपाशी असलेली विद्या शुश्रूषा करणाऱ्याला लाभते. पण याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात शूद्राला एकच कर्म सांगितलं आहे, आणि तेही शुश्रूषाच: इतर तीन वर्णांची, मनात काही न आणता. तिथे कुदळ आहे, खणणं आहे, पाणी मात्र नाही. एका शब्दाचे असे दोन वाटे झाले. एकाची शुश्रूषा विद्येपाशी पोचणारी, दुसऱ्याची आज्ञापालनात संपणारी. मलमूत्राला, रक्ताला, परक्या देहाला हात लावणारी कामं दुसऱ्या वाट्यात टाकली गेली, आणि आधुनिक रुग्णालय आपल्याकडे आलं तेव्हा परिचारिकेला जी सामाजिक जागा मिळाली ती याच वाट्यातली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा आणि सवर्ण घरांतल्या बायकांना परिचर्येचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा समाजाची कुरकूर होती ती याच कारणाने. माझं म्हणणं एवढंच आहे की शुश्रूषेचा पहिला अर्थ परिचारिकेला परत मिळाला पाहिजे. तिचं शिकत राहणं ही सेवेवरची वरकड गोष्ट नव्हे, सेवेतून निसटण्याची पळवाटही नव्हे. ऐकण्याची इच्छा गेली की उरते ती निव्वळ चाकरी.

विद्येविना करुणा कशी दिसते याचं एक चित्र सुरतेच्याच इतिहासात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेत आला होता. त्याचं प्रवासवर्णन १६९६ साली छापलं गेलं. इथल्या वाण्यांनी चालवलेल्या जनावरांच्या इस्पितळाचं त्याला नवल वाटलं. म्हाताऱ्या गाई, घोडे, लंगडी जनावरं तिथे मरेपर्यंत पोसली जात. युरोपात अशी कल्पनाही तेव्हा कोणी केली नसेल, आणि या शहराच्या दयाबुद्धीचा तो खरोखर मोठा पुरावा आहे. पण त्याच वर्णनात तो सांगतो की ढेकूण-पिसवांसारख्या जीवांचंही पोट भरावं म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथे निजवलं जाई. पुण्य देणगीदाराचं, आणि रक्त भाड्याने आणलेल्या माणसाचं. ओव्हिंग्टनच्या नजरेत परक्याचा तिरकसपणा असेल, तरी हे चित्र मला सोडवत नाही. करुणेला आपण कोणाच्या देहावर काय लादतो आहोत याचा विचार करायला लावणारी विद्या जोडीला नसली, तर करुणा आपला भार सर्वांत दुबळ्या माणसावर टाकून मोकळी होते. परिचारिकेला देवी, माता, भगिनी म्हणून ओवाळायचं आणि तिच्या ड्युटीचे तास, तिची पोटदुखी, तिची शिकण्याची रजा यांकडे पाहायचं नाही, ही त्या रात्रीचीच पुढची पायरी आहे.

आपली परंपरा सगळीच त्या दुसऱ्या वाट्याच्या बाजूने बोलते असंही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच, आणि त्यांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी उपचारज्ञता, म्हणजे काय करायचं याचं ज्ञान. मग दाक्ष्य, म्हणजे हाताची सफाई आणि तत्परता. मग अनुराग, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी ओढ. आणि मग शौच. प्रेम आहे, पण तिसऱ्या जागी. विनयपिटकातल्या महावग्गात बुद्ध आणि आनंद एका आजारी भिक्षूला स्वतः धुऊनपुसून अंथरुणावर निजवतात. तो आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो कोणाच्या उपयोगी पडत नव्हता. या प्रसंगानंतर बुद्ध चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणं सांगतो. त्याला औषध तयार करता यावं. रोग्याला काय हितकर आणि काय अपायकारक हे कळावं. लोभाने नव्हे तर सद्भावाने त्याने काम करावं. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस बाळगू नये. आणि रोग्याला धीर देणारं बोलता यावं. इथेही पहिली दोन लक्षणं ज्ञानाची आहेत. एक वैदिक परंपरेत वाढलेला ग्रंथ, एक श्रमण परंपरेतला. दोघांनी मैत्री आणि माया मानली, पण त्याआधी विचारलं की तुला येतं काय. चरक तर विमानस्थानात आणखी पुढे जातो. या शास्त्राला अंत नाही, म्हणून सतत अभ्यास करावा, आणि शहाण्याला सगळं जगच गुरू असतं, असा त्याचा आशय आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र हाती आलं की शिकणं संपतं ही कल्पना त्याला कळलीच नसती.

यावर सश्रद्ध वाचक विचारेल की ज्ञान नसतानाही थोर सेवा झालेली नाही का. झाली आहे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात आल्या आणि तोच रोग त्यांना जडला. या मृत्यूपुढे कोणीही हात जोडील. पण त्या वर्षी जगाला प्लेगविषयी काय ठाऊक होतं तेही पाहावं. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. उंदरावरची पिसू तो पसरवते हे सिमाँडने १८९८ मध्ये दाखवलं. आणि त्यावर चालणारं प्रतिजैविक यायला आणखी जवळजवळ अर्धशतक होतं. सावित्रीबाईंजवळ जेवढं होतं तेवढं त्यांनी दिलं, आणि त्या काळापाशी जे नव्हतं त्याची किंमत त्यांनी प्राणाने चुकवली. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा लाखो माणसं शहर सोडून गेली, खाजगी दवाखान्यांना टाळी लागली, आणि रोग्यांचा भार न्यू सिव्हिल हॉस्पिटलवर पडला. मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले. या रोगाचं नाव नक्की काय यावर तज्ज्ञांचा वाद पुढे कितीतरी दिवस चालला होता, पण वॉर्डमधल्या कामाला वाद मिटेपर्यंत थांबता येत नव्हतं: तोंडावर मास्क, रोग्याला वेगळं ठेवणं, टेट्रासायक्लिन वेळेवर. १८९७ आणि १९९४ यांच्यामध्ये करुणा वाढली असं म्हणायला काही आधार नाही. वाढलं ते ज्ञान, आणि त्याने रोगी वाचवले तसं रोग्याजवळ उभं राहणाऱ्यांनाही वाचवलं. २०२० मध्ये कोविडच्या साथीत हे पुन्हा दिसलं. ऑक्सिजन खाली जाणाऱ्या रोग्याला पालथं निजवायचं, नळी न निसटू देता चार-पाच जणांनी एका लयीत त्याला वळवायचं, चेहऱ्याखाली आणि गुडघ्यांखाली आधार द्यायचा, हे कित्येक वॉर्डांतल्या सिस्टरांनी तोवर कधी केलेलं नव्हतं. काही आठवड्यांत त्या शिकल्या. धोक्यात पाय रोवून उभं राहणं हे धैर्य खरं, पण उभं राहून काय करायचं हे कळणं हा त्या धैर्याचाच अर्धा भाग होता.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. इंग्लंडमध्ये १८८७ साली एथेल बेडफर्ड फेन्विक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि परीक्षा घेऊन नर्सची सरकारी नोंदणी करावी अशी मागणी पुढे आली. नाइटिंगेलने तिला कडाडून विरोध केला. नर्सचं शील परीक्षेत मोजता येत नाही. नोंदवहीत नाव आलं म्हणजे माणूस विश्वासार्ह झालं असा भ्रम पसरेल. आणि एकदा नोंदलेली बाई पुढे बिघडली तरी नोंद तशीच राहील, असं तिचं म्हणणं. तिच्या हयातीत कायदा झाला नाही. तो १९१९ मध्ये झाला. सुरत मुंबई इलाख्यात असताना इथे १९३५ चा नोंदणी कायदा आला आणि पुढे गुजरातने १९६८ मध्ये स्वतःचा केला, म्हणजे इतिहासाने कौल फेन्विकबाईंच्या बाजूने दिला. तरी नाइटिंगेलचं म्हणणं खोटं ठरलं असं मी मानत नाही. शील परीक्षेत सापडत नाही हे खरंच आहे. फक्त त्यावरून ज्ञानाची परीक्षा नको असं निघत नाही. निघतं ते एवढंच की ती परीक्षा पुरेशी नाही. खुद्द नाइटिंगेल आपल्या विद्यार्थिनींना लिहीत असे की परिचर्येत वर्षाला, महिन्याला, आठवड्याला आपण पुढे जात नसू तर मागे जात आहोत असं समजावं. नोंदणीला विरोध करणारी ही बाई निरंतर शिक्षणाची सर्वांत कठोर पुरस्कर्ती होती. तिच्या लेखी शिकत राहणं हाच शीलाचा पुरावा होता.

शीलाचा आणि ज्ञानाचा असा एकजीव झालेला पुरावा महाराष्ट्राने मुंबईत पाहिला आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरात झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ च्या मेपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं, अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे त्यांच्या मरणाच्या हक्काचा प्रश्न आला तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी केलेल्या शुश्रूषेची नोंद साऱ्या देशाने घेतली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला गेला नव्हता. बेडसोअर कसा होतो ते जिला ठाऊक आहे तिलाच या वाक्याचं वजन कळेल. टाच, माकडहाड, खवाटा, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ येतं तिथलं रक्त दाबाने थांबतं. कातडी आधी लाल होते, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही, आणि त्या क्षणी ओळखलं नाही तर आत खड्डा पडायला लागतो. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची घडी न राहू देणं, अंग कोरडं ठेवणं, पोषणाकडे पाहणं, हे सगळं एकीने नाही, पिढ्या बदलल्या तरी साऱ्यांनी. ज्या सिस्टर त्यांच्यासोबत शिकल्या त्या निवृत्त झाल्या आणि ज्यांनी त्यांना कधी चालताना पाहिलं नव्हतं अशा मुलींनी ते काम पुढे नेलं. माया हे करवून घेते हे मान्य. पण माया एकटी लाल डाग ओळखत नाही.

आकड्यांचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रियेचे रोगी अभ्यासून २०१४ मध्ये द लॅन्सेटमध्ये निष्कर्ष मांडले. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे भरती झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. युरोपातलं सुरतेला लागू कसं, आणि सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे दोन्ही आक्षेप रास्त आहेत. तो अभ्यास पदवीचं माहात्म्य सिद्ध करतो असा दावा मी करणार नाही. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा सांगितल्याशिवाय पहिला सांगूही नये: एका परिचारिकेवर एक रोगी वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक आणि इतरत्र पाच रोग्यांमागे एक असा आहे. जनरल वॉर्डमध्ये उभं राहून खाटा आणि सिस्टर मोजणाऱ्या कोणालाही कळेल की तो कागदावर किती आणि वॉर्डात किती आहे. ज्ञान वाढवा पण माणसं वाढवू नका, असा सोयीचा अर्थ कोणी माझ्या म्हणण्यातून काढू नये. रोग्यापाशी थांबायला वेळच नसेल तर ऐकणार कशी?

आता महत्त्वाकांक्षेचा प्रश्न. निष्काम कर्माच्या शिकवणीत वाढलेल्या मनाला वाटतं की पोस्ट बेसिक बीएस्सी, एमएस्सी, परदेशी परीक्षा, हेड नर्स, मेट्रन ही सगळी फळाची आस आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाला कर्मातलं कौशल्य म्हटलं आहे, असा दाखला शिक्षणाच्या बाजूने नेहमी दिला जातो; मी तो तेवढ्या सहज देणार नाही, कारण शंकराचार्यांसारखे भाष्यकार तिथल्या कौशल्याचा अर्थ सिद्धी-असिद्धीत समबुद्धी ठेवणं असा लावतात, हातातली कसबगारी असा नव्हे. पण तिसऱ्या अध्यायातला मुद्दा निःसंदिग्ध आहे. आसक्त माणूस ज्या तळमळीने काम करतो त्याच तळमळीने ज्ञानी माणसाने लोकसंग्रहासाठी करावं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे सोडायची ती आसक्ती. कामातली काटेकोरी सोडायची नाही. जी परिचारिका अतिदक्षता विभागातलं काम नीट यावं म्हणून दोन वर्षं अभ्यास करते तिने निष्कामता मोडली असं म्हणायचं असेल, तर बाबा आमट्यांनीही मोडली. तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून त्यांना भीती वाटली, त्या भीतीची लाज वाटली, आणि त्यातून ते १९४९ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं रीतसर शिक्षण घेऊन आले. करुणा खरी होती म्हणूनच ती शाळेत गेली. पगारवाढीचं म्हणाल तर त्यातही मला अधर्म दिसत नाही. ज्या बापाने मागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या करून फी भरली, त्याच्या म्हातारपणाची सोय करणं हाही धर्मच आहे.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती शिडीच्या रचनेत आहे. स्टाफ नर्सची हेड नर्स होते, तिथून सहायक अधीक्षक, मग अधीक्षक. किंवा एमएस्सी करून ती कॉलेजात ट्यूटर होते. प्रत्येक पायरी तिला खाटेपासून लांब नेते. वीस वर्षांच्या अनुभवाने रोग्याच्या श्वासातला बदल मॉनिटरच्या आधी ओळखणारी बाई बढती मिळताच ड्युटी लिस्ट, इंडेंट आणि स्टॉक रजिस्टरमध्ये अडकते, आणि खाटेपाशी काल नोंदणी झालेली मुलगी उरते. शिकलेली नर्स सेवा सोडते ही तक्रार त्यामुळे अर्धीच खरी आहे. सेवेत राहून वर जाण्याची जागाच आपण ठेवलेली नाही. अतिदक्षतेसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा एमएस्सी अभ्यासक्रम आला, प्रसूतीसाठी अठरा महिन्यांचा मिडवाइफरीचा आला, २०२३ मध्ये संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतीविद्या आयोगाचा नवा कायदा केला. दिशा बरोबर आहे. पण पदवी मिळाल्यावर त्या नावाचं पद, त्या पदाचा पगार आणि त्या पदाचा अधिकार वॉर्डात मिळत नसेल, तर त्या मुलीला आपण पुन्हा त्या जुन्या वाट्यातच परत पाठवतो: खण, पण पाणी मागू नकोस.

परदेशी जाणाऱ्यांविषयी आपल्याकडे कडवटपणे बोललं जातं. समाजाच्या पैशाने शिकल्या आणि उडून गेल्या, हा देशाच्या ऋणाचा हिशेब. ऋणाची भाषा मला मान्य आहे, म्हणूनच ती पुरी वाचावी असं वाटतं. आपल्याकडे तीन ऋणं मानली आहेत, त्यांतलं ऋषिऋण विद्येचं, आणि ते फिटतं अध्ययनाने आणि अध्यापनाने. एका जागी राहून फिटतं असं कुठे म्हटलेलं नाही. जी परिचारिका परदेशात शिकते आणि शिकवते ती ते ऋण फेडतेच आहे. आणि जी सुरतेतच राहून तीस वर्षांत नवीन काही वाचत नाही, हाताखालच्या मुलीला काही दाखवत नाही, तिने जागा सोडली नाही एवढ्याने ते फिटत नाही. तिला इथे थांबवायचं असेल तर ऋणाची आठवण देण्यापेक्षा इथे शिकता येईल अशी सोय करणं जास्त प्रामाणिक ठरेल.

राहिला कागदाचा आक्षेप. परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाची जोड दिली. राज्याराज्यांत अंमलबजावणी कमीजास्त आहे. टीकाकार म्हणतात की हे तास सभागृहात बसून, दीपप्रज्वलन पाहून, प्रमाणपत्र घेऊन भरले जातात. पुष्कळदा तसंच होतं, आणि नाइटच्या ड्युटीनंतर झोप मोडून आलेली बाई त्या सभागृहात काय ऐकणार याचा विचार आयोजक करत नाहीत, हेही खरं. पण यातून तास रद्द करावेत असं निघत नाही. शिकणं वॉर्डाजवळ आणि ड्युटीच्या वेळात आणावं असं निघतं. सुरतेच्या वॉर्डात शिकण्यासारखं काय नाही? मागावर काम करणारा ओडिशातल्या गंजामचा तरुण आपली कळ ओडियात सांगतो. शेजारच्या खाटेवरची आजी ‘पोट दुखस’ म्हणते आणि ती अहिराणी आहे हे लिंबायतची मुलगी लगेच ओळखते, भावनगरची ओळखत नाही. पलीकडे कोणी भोजपुरीत बोलतो आहे. दुखणं कुठे, कधीपासून, कसं, हे विचारायला लागणारे चार भाषांतले वीस-पंचवीस शब्द कोणत्याही अभ्यासक्रमात नसतात. शुश्रूषेचा धात्वर्थ इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

या शहरात अवयवदान मोठ्या प्रमाणावर होतं. डोनेट लाइफ ही संस्था त्यासाठी ओळखली जाते, आणि सुरतेहून निघालेली हृदयं, यकृतं, मूत्रपिंडं दुसऱ्या शहरांतल्या रोग्यांपर्यंत पोचली आहेत. १९९४ च्या, म्हणजे प्लेगच्याच वर्षीच्या, कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू ठरवायचा असतो. त्यानंतर जो देह खाटेवर असतो त्याची छाती व्हेंटिलेटरवर हलत असते, हात कोमट असतो, आणि कायद्याने तो माणूस मृत असतो. चरकाचा तिसरा गुण, अनुराग, इथे कोणाविषयी ठेवायचा? आशीर्वाद द्यायला रोगी नाही, बरा होऊन घरी जाणारा कोणी नाही. मेंदूचा ताबा सुटल्याने अंग गार पडत जातं, रक्तदाब कोसळतो, लघवी बेसुमार होऊ लागते. सिस्टर तासातासाला ती मोजते, सलाईनचा वेग बदलते, ब्लँकेटने ऊब टिकवते, पापण्या मिटून डोळे ओले ठेवते, कारण ते दोन डोळेही कोणाला तरी लागणार आहेत. ज्याला ती कधी पाहणार नाही अशा माणसाविषयीची तिची ओढ फक्त तिच्या ज्ञानातूनच त्याच्यापर्यंत पोचू शकते. तिथे दुसरा रस्ता नाही. आणि बाहेर बाकावर बसलेली आई, त्याचा हात अजून गरम कसा, असं विचारते तेव्हा द्यायचं उत्तरही शिकावंच लागतं. अवयवांची पेटी विमानतळाकडे निघते, रस्ता मोकळा केलेला असतो, कॅमेरे तिच्यामागे जातात. सिस्टर देह धुते, टाके झाकते, केस विंचरते, पांढऱ्या चादरीत तो घरच्यांच्या स्वाधीन करते. सकाळी आठला पुढची सिस्टर येते, आणि रात्रभराचं सगळं तिला खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगितलं जातं: काय झालं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय आधी करायचं. नवी मुलगी ऐकत असते. ही पंधरा मिनिटं १५० तासांत धरली जात नाहीत.